ऐरणीची उपेक्षा : मराठी काव्यातील धातुप्रतिमांचा पुनर्विचार

प्रस्तावना

मोशी हे गाव पुणे-नाशिक महामार्गावर, इंद्रायणीच्या काठी वसलेले आहे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. दक्षिणेस भोसरीची औद्योगिक वसाहत आणि उत्तरेस चाकण. मराठी कवितेला सोने, परीस आणि ऐरण या प्रतिमा ज्या दोन संतकवींनी दिल्या त्यांची क्षेत्रे, आणि लोखंड-पोलादाच्या कामावर जगणारा महाराष्ट्रातील एक प्रमुख पट्टा, ही दोन्ही येथे एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत. तरीही या दोहोंचा एकत्र विचार आपल्या समीक्षेत क्वचितच होतो. साहित्याच्या वर्गात सोने हे शुद्धतेचे व लोखंड हे जडतेचे प्रतीक म्हणून सांगितले जाते. धातू म्हणजे नेमके काय, याची चौकशी रसायनशास्त्राच्या विभागाकडे सोपवली जाते.

या विभागणीमुळे मराठी काव्यातील धातुप्रतिमांचे वाचन अपुरे राहिले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धातूंचे विज्ञान आणि कारागिराचा व्यवहार लक्षात घेतल्यास या प्रतिमांचे तीन स्वतंत्र प्रकार दिसतात आणि त्यांपैकी सर्वांत समृद्ध प्रकाराची आपण उपेक्षा केली आहे, हेही ध्यानात येते.

'लोह' या शब्दाची साक्ष

धातूंची उतरंड आपण समजतो तितकी सनातन नाही. 'रसरत्नसमुच्चय' या मध्ययुगीन रसग्रंथात 'लोह' हा शब्द सर्व धातूंसाठी वापरला आहे. त्यातील वर्गीकरणानुसार सोने, रुपे, तांबे आणि लोखंड हे चारही 'शुद्ध लोह' होत. शिसे व कथील हे 'पूती लोह', आणि पितळ, कांसे यांसारखे 'मिश्र लोह'. म्हणजे रसशास्त्राच्या दृष्टीने लोखंड सोन्याच्याच पंक्तीला बसते. त्याला हीन ठरवले ते बाजाराने, आणि बाजारभावाची ती उतरंडच पुढे आपण काव्याच्या आस्वादात मूल्यांची उतरंड म्हणून स्वीकारली.

महाराष्ट्राचा धातूंशी असलेला संबंधही सोन्यापासून सुरू होत नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा या चार ओतीव मूर्तींचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. त्या तांब्याच्या आहेत. त्यांच्याकडे पाहताना मन वेधून घेतो तो ओतकाम करणाऱ्याचा आत्मविश्वास. धातूची किंमत मनात येत नाही. धातूचे सौंदर्य हे प्रथम कामाचे सौंदर्य असते, याचा इतका जुना पुरावा आपल्या भूमीत आहे.

लेणे आणि परीस

ज्ञानेश्वरांच्या काव्यात धातूच्या दोन प्रतिमा वारंवार भेटतात. सामान्यतः त्या एकत्र सांगितल्या जातात. वस्तुतः त्या परस्परविरोधी आहेत.

पहिली प्रतिमा सोने आणि अलंकार यांची. सोन्याचे लेणे होते तेव्हा सोनेपणात काहीही उणे येत नाही, हा 'चांगदेव पासष्टी'तील विचार अद्वैताचा दृष्टान्त म्हणून परिचित आहे. विज्ञानाच्या कसोटीवर तो अचूक आहे. धातूमधील अणू मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामायिक बंधनाने बांधलेले असतात. हातोडीचा घाव बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, परंतु बंध तुटत नाही. त्यामुळे एक ग्रॅम सोने ठोकून सुमारे एक चौरस मीटर वर्ख करता येतो आणि तरीही ते सोनेच राहते. रूप बदलते, द्रव्य टिकते. हा दृष्टान्त सुचण्यासाठी सोनाराच्या दुकानातील निरीक्षण पुरेसे होते, आणि ते निरीक्षण निर्दोष होते.

दुसरी प्रतिमा परिसाची. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायात तिचा उत्कर्ष दिसतो : परीस फोडण्याच्या हेतूने जरी लोखंड त्याला भिडले तरी त्या स्पर्शाने ते सोनेच होते. भक्तीत हेतूपेक्षा संपर्क श्रेष्ठ, हा आशय या प्रतिमेतून विलक्षण सामर्थ्याने प्रकटतो. परंतु येथे द्रव्यच बदलते. लोखंडाच्या अणुकेंद्रात २६ प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९. कोणत्याही रासायनिक क्रियेने हे अंतर ओलांडता येत नाही. निसर्गात मात्र ते ओलांडले जाते. लोखंडाच्या आसपासच्या वस्तुमानाच्या अणुकेंद्रांवर न्यूट्रॉनांचा प्रचंड मारा होऊन सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदल्या गेलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाने अशा निर्मितीचा सबळ पुरावा दिला. परीस आहे, परंतु त्याचा स्पर्श सौम्य नाही.

पहिल्या प्रतिमेत वस्तू मुळातच पूर्ण आहे; दुसरीत ती मुळात हीन असून बाहेरच्या कृपेने श्रेष्ठ होते. पहिलीत ज्ञान आहे, दुसरीत अनुग्रह आहे. दोन्हींना संतविचारात स्थान आहे, हे खरेच. परंतु 'सोने हे परमार्थाचे प्रतीक' या एका वाक्यात दोन्ही गुंडाळल्या की हा भेद नाहीसा होतो, आणि लोखंडाला स्वतःचे असे मूल्य उरत नाही.

सोनाराची मूस

तिसरा प्रकार नरहरी सोनारांच्या प्रसिद्ध अभंगात आढळतो. तेथे देह ही शेगडी आहे, त्रिगुणांची मूस आहे, जीव-शिवाची फुंकणी आहे, विवेकाचा हातोडा आहे, मनबुद्धीची कातरी आहे आणि ज्ञानाचा ताजवा आहे. येथे सोन्याइतकेच महत्त्व अवजारांना व क्रियेला आहे. तापवणे, ओतणे, ठोकणे, कातरणे, जोखणे असा कामाचा क्रमच साधनेचा क्रम होतो. एवढेच नव्हे, तर सोनारकामातील चोरीचा उल्लेख करून व्यवसायावरील लोकापवादही कवीने अंगावर घेतला आहे. असे धाडस तो व्यवसाय करणाऱ्यालाच शक्य होते.

या प्रकाराला 'संस्कारप्रतिमा' म्हणता येईल. पाऱ्यावरील अठरा संस्कारांची चर्चा करणाऱ्या रसशास्त्रात हा शब्द आधीच रूढ आहे. येथे द्रव्य तेच राहते, परंतु रूपाबरोबर गुणही बदलतो, आणि तो श्रमाने बदलतो. लोहार हत्याराला 'पाणी देतो' तेव्हा हेच घडते. योग्य कार्बन असलेले पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड केले की त्याची अंतर्रचना बदलून ते अतिशय कठीण होते. पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याला चिवटपणा द्यावा लागतो. केवळ कठीण पोलाद पहिल्याच घावाला दगा देते, हे लोहाराला धातुविज्ञानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

हिरा आणि ऐरण

कठीणपणा आणि चिवटपणा यांतील हा भेद तुकाराम महाराजांच्या एका विख्यात अभंगाच्या वाचनात निर्णायक ठरतो. ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी जो वाचतो तोच खरा हिरा. त्याप्रमाणे जगाचे आघात सोसतो तोच संत, असा त्या अभंगाचा आशय आहे. हिऱ्याच्या अभंगतेची ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही आपल्या निसर्गविषयक ग्रंथात ऐरणीवरील हिऱ्याच्या परीक्षेचे असेच वर्णन केले आहे.

प्रत्यक्षात हिरा घणाखाली फुटतो. मोह्जच्या श्रेणीत त्याचा क्रमांक १० असला, तरी ती श्रेणी ओरखडा सोसण्याची आहे, आघात सोसण्याची नाही. हिऱ्यातील कार्बनचे बंध ठराविक दिशांनी जखडलेले असतात. त्यांचे थर सरकू शकत नाहीत, म्हणून घाव बसला की तो ठराविक प्रतलांवर दुभंगतो.

प्रतिमा विज्ञानाला धरून असली पाहिजे असे नाही, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. अभंगाचे काव्यमूल्य या माहितीने कणभरही कमी होत नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या अभंगातील दृश्यात आघात सोसणारी आणखी एक वस्तू आहे. ती आरंभीच येते आणि नंतर तिच्याकडे कोणीही वळून पाहत नाही. ती वस्तू म्हणजे ऐरण. खरा हिरा असो वा खोटा, घाव अखेर ऐरणीवरच उतरतो. परीक्षा हिऱ्याची होते, सोसते ऐरण. संताचे जे लक्षण अभंग सांगतो ते त्या दृश्यात पूर्णपणे लागू पडते ते लोखंडालाच. कवीने ऐरण आपल्यासमोर ठेवली आहे. न पाहण्याचा दोष आपल्या वाचनाचा आहे.

ही उपेक्षा केवळ प्रतिमेची नाही. गावगाड्यात नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा घडवणारा लोहार बलुतेदार होता. पालावर भाता मांडणारे घिसाडी तर गावाबाहेरचेच राहिले. सोने वर आणि लोखंड खाली, या उतरंडीच्या मागे सोने बाळगणारा वर आणि लोखंड ठोकणारा खाली, ही दुसरी उतरंड उभी आहे. 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटातील लोहार दांपत्याच्या गीताने ऐरणीला देवपण दिले आणि ते गीत घरोघरी पोचले. लोकमानसाने जे ओळखले ते समीक्षेने ओळखल्याचे दिसत नाही.

आधुनिक कविता : घडलेली वस्तू

आधुनिक कवितेने लोखंडाची बाजू घेतली असावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) हे धातूचे वाद्य आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) संग्रहातील क्रांतिगीतात बेड्या आहेत. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या पहिल्याच संग्रहाचे नाव संतपरिभाषेतून घेणाऱ्या नारायण सुर्वे यांच्या कवितेत कामगार स्वतःला तलवारीच्या रूपात पाहतो. तुतारी, बेडी, तलवार या तिन्ही वस्तू घडून तयार झालेल्या आहेत. त्या घडत असतानाची भट्टी, साचा, कानस, ठोकणारा हात येथे दिसत नाहीत. सुर्वे यांनी कामगाराला कवितेचा नायक केले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु त्यांच्या अनुभवाचे केंद्र मुंबईचे गिरणगाव, म्हणजे सुताचे जग होते. मर्ढेकरांच्या 'काही कविता'मध्ये (१९४७) यंत्रयुगाची भाषा आली, ती प्रामुख्याने माणसाच्या यांत्रिक होण्याचे चिन्ह म्हणून. धातू घडवण्यातील आनंद आणि त्यातील बुद्धी यांना वाचा मिळायची राहिली.

वास्तविक मराठी वाङ्मयाचा धातूंशी संबंध फार जवळचा आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती त्याच्या सुबक खिळ्यांमुळे झाली. ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. अँटिमनीमुळे अक्षराला कठीणपणा व रेखीव कड येई. रसग्रंथाने ज्यांना 'पूती' ठरवले त्या शिसे-कथलानेच सोन्याचे आणि परिसाचे दृष्टान्त छापील रूपात घरोघरी नेले. पुढे १९१० मध्ये लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातून 'किर्लोस्कर' मासिकाची परंपरा उभी राहिली. ओतशाळेच्या शेजारी मराठी गद्याची एक महत्त्वाची शाळा भरली, ही घटना वाङ्मयेतिहासात तळटिपेपुरती राहू नये.

भंगाराचे तत्त्वज्ञान

आता पुन्हा आपल्या परिसराकडे वळू. मोशीजवळच्या चिखली-कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराचा मोठा व्यापार चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तेथील हजारो बांधकामांवर कारवाई केली. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा विचार या लेखाच्या कक्षेत येत नाही. वाङ्मयीन दृष्ट्या लक्षणीय गोष्ट अशी की लेणे मोडले तरी सोने उरते, हा दृष्टान्त आज जेथे रोज प्रत्यक्ष घडतो ती जागा सराफकट्ट्याइतकीच भंगाराची वखारही आहे. मोडकी चौकट, झिजलेला गिअर, लेथवरचा कीस भट्टीत जातो आणि नवे रूप घेऊन येतो.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. भंगाराबरोबर आलेले तांबे पोलादाच्या भट्टीत सहजासहजी वेगळे काढता येत नाही. ते साचत जाते आणि पोलादाला तप्त अवस्थेत भेगा पडण्याचे कारण होते. रूपे येतात आणि जातात, पण मागील जन्माचा काही अंश द्रव्यात उरतो. शुद्ध सोन्याच्या दृष्टान्तात न मावणारा हा अनुभव श्रमिक वस्तीच्या जीवनाला अधिक जवळचा आहे. एखाद्या समर्थ कवीने उचलावी अशी ही प्रतिमा आहे.

निष्कर्ष

मराठी काव्यातील धातुप्रतिमांचे रूपप्रतिमा, द्रव्यांतरप्रतिमा आणि संस्कारप्रतिमा असे तीन प्रकार मानल्यास सोने-लोखंडाची सरधोपट उतरंड टिकत नाही. पहिल्या दोहोंना आपण तत्त्वज्ञानाचा मान दिला. तिसरीत श्रम, अवजार आणि चिवटपणा यांचे तत्त्वज्ञान आहे. ती मात्र आपण 'व्यवसायविषयक रूपक' म्हणून बाजूला ठेवली.

याचे परिणाम अध्यापनात दिसतात. या पट्ट्यातील महाविद्यालयांत टर्नर, फिटर, मोल्डर यांची मुले-मुली कला शाखेत शिकतात. घरातील बोलीत मूस, साचा, ताव, पाणी, कस, हीण हे शब्द जिवंत असतात. वर्गात मात्र त्यांच्यापुढे फक्त परीस ठेवला जातो, आणि परिसाच्या प्रतिमेत लोखंडाने स्वतःचे लोखंडपण टाकायचे असते. आपल्या वडिलांचे काम हा उद्धाराची वाट पाहणारा जड पदार्थ आहे, असा अर्थ नकळत त्यांच्या मनावर ठसत असेल, तर तो वाङ्मयाच्या शिक्षकांनी गांभीर्याने घेण्याचा विषय आहे.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नरहरी सोनारांचा अभंग शिकवताना मूस कशी असते हे दाखवावे. तुकाराम महाराजांचा अभंग शिकवताना हिऱ्याखालील ऐरणीकडेही बोट दाखवावे. मराठी आणि रसायनशास्त्र या विभागांनी एखादा तास एकत्र घ्यावा. विद्यार्थ्यांनी घरातील कामाचे शब्द अर्थासह टिपून आणावेत. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या या भूमीत घणाचा आवाज काव्याला परका नव्हता. तो ऐकण्याची सवय समीक्षेने लावून घ्यावी, एवढेच या लेखाचे मागणे आहे.