विलंबाची कसोटी : फाइल-वहनाच्या एका मुक्त लायब्ररीतील दोषनिवारणाची चिकित्सा

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, सिद्ध केली. मराठी पाठचिकित्सेचा आरंभ तेथून मानण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. तथापि एकनाथांनी कोणते पाठ त्याज्य ठरविले आणि कोणत्या कारणाने ठरविले, याची नोंद त्या प्रतीसोबत आलेली नाही. शोधन झाले, शोधनाचा पुरावा मागे राहिला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत तळटीपांतून पाठभेद दिलेले आहेत, आणि त्यामुळे संपादकाचा प्रत्येक निर्णय पुढील अभ्यासकास पुन्हा पडताळून पाहता येतो. शुद्ध पाठ देणे हे एक कर्तव्य. त्याची शुद्धता तपासण्याचे साधन देणे हे दुसरे. संगणकाची आज्ञावली हीही अनेक हातांनी लिहिली जाणारी व पुनःपुन्हा शोधली जाणारी संहिताच होय. तेव्हा हा भेद तिच्या दोषनिवारणास कितपत लागू पडतो, याचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी नेणे हे काम वरकरणी अगदी साधे दिसते. त्यासाठीचे नियम प्रथम लेखनिविष्ट करण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी ‘एफटीपी’ या संकेताचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. पुढे असे अनेक संकेत निर्माण झाले आणि ते सर्व पाळून फाइल आणणारी-नेणारी तयार आज्ञावली आवश्यक ठरली. अशा आज्ञावलीस लायब्ररी म्हणतात. इतर प्रोग्रामांनी ती आपल्यात सामावून घ्यावयाची असते. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली ‘कर्ल’ या नावाने प्रसिद्ध केलेला प्रोग्राम आणि २००० साली त्यातून वेगळी झालेली ‘लिबकर्ल’ ही लायब्ररी या वर्गातील अग्रगण्य होय. तिची संहिता सर्वांस खुली आहे. कोणीही ती वाचावी, तिच्यातील दोष दाखवावा, दुरुस्ती सुचवावी. दूरध्वनी संच, मोटारगाड्या, दूरचित्रवाणी संच अशा कोट्यवधी यंत्रांत ती आज वावरते आहे, आणि त्या यंत्रांच्या धन्यांपैकी बहुतेकांना तिचे नावही ठाऊक नाही.

या अपरिचयातच प्रश्नाचे गांभीर्य आहे. वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंग हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले व त्या वर्षी नव्या वाशीम जिल्ह्यात गेलेले हे गाव. अशा गावातील सोयाबीन पिकविणारा शेतकरी सातबाऱ्याचा उतारा आता संगणकावरून घेतो, विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आपले दाखले संगणकावरूनच पाठवितो. त्या कामामागे कोणती लायब्ररी राबते हे त्यांस कळण्याचा मार्ग नाही व कळण्याची गरजही नसावी. त्यांची अपेक्षा एवढीच, की पाठविलेला दाखला पुरता पोहोचावा, आणि न पोहोचल्यास तसे स्पष्ट सांगितले जावे. रेंज गेली, उत्तर यावयास वेळ लागला, अर्ध्यावर काम थांबले, या गोष्टी तेथे अपवादात्मक नव्हेत. लायब्ररीच्या कसोट्या मात्र बहुधा अशा ठिकाणी घेतल्या जातात, जेथे पाठविणारा व घेणारा हे दोघेही एकाच यंत्रात शेजारी बसलेले असतात आणि उत्तर तत्क्षणी मिळते. या अंतराचे मोल किती पडते, हे २०२३ सालच्या एका दोषाने दाखवून दिले.

तो दोष असा. ‘सॉक्स५’ या संकेतानुसार एखादा मध्यस्थ सर्व्हर आपल्या वतीने दूरच्या संगणकाशी बोलतो. त्या दूरच्या संगणकाचे नाव मध्यस्थाकडे सोपविता येते. मात्र नावाची लांबी सांगण्यासाठी संकेतात एकच बाइट राखून ठेवलेला असल्याने नाव २५५ बाइटांहून लांब असू शकत नाही. याहून लांब नाव आल्यास लिबकर्लने ते मध्यस्थाकडे न सोपविता त्याचा पत्ता स्वतःच शोधावा, अशी तजवीज संहितेत होती. तसा निर्णय झाल्याची खूण एका चलात ठेवली जाई. परंतु मध्यस्थाचे उत्तर लगेच न आल्यास हे कार्य मध्येच थांबे आणि उत्तर आल्यावर पुन्हा सुरू होई. पुन्हा सुरू होताना ते चल मूळ स्थितीस जाई व आधीचा निर्णय विसरला जाई. मग ते लांबलचक नाव, त्यासाठी पुरेशा नसलेल्या स्मृतीच्या कप्प्यात भरले जाई आणि कप्प्याबाहेरची स्मृती पुसली जाई. दुष्ट हेतूच्या माणसास असा प्रसंग मुद्दाम घडवून आणणे शक्य होते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही, की नाव लांब असणे एवढ्याने दोष प्रकट होत नव्हता. उत्तरास विलंब होणे हीही त्याची अट होती. मध्यस्थ तत्पर असेल तर सर्व काही सुरळीत चाले; तो रेंगाळला की घात होई. हा दोष मार्च २०२० मधील ७.६९.० या आवृत्तीत शिरला आणि ११ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालेल्या ८.४.० या आवृत्तीत दूर झाला. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. या काळात लायब्ररीपाशी कसोट्या नव्हत्या असे नाही. त्यांची संख्या दीड हजाराच्या वर होती. स्मृती मिळविण्याचा प्रत्येक प्रयत्न क्रमाने अयशस्वी करून आज्ञावली काय करते हे पाहण्याची एक कठोर पद्धतीही त्यांत होती. तथापि लांब नाव आणि रेंगाळणारा मध्यस्थ यांची गाठ घालून देणारी कसोटी त्यांत नव्हती. संख्या ही येथे संरक्षक ठरली नाही, कारण कसोट्यांची संख्या वाढविल्याने कसोटीची कल्पना व्यापक होतेच असे नाही.

आता दुरुस्तीचे परीक्षण करावे. दुरुस्ती करणाऱ्यास दोन मार्ग उपलब्ध होते. पहिला, निर्णयाची खूण अशा जागी ठेवणे की जेथून ती पुसली जाणार नाही. त्याने स्मृतीचा घात टळला असता. दुसरा, लांब नाव आल्यास मार्ग बदलण्याची ती मुळातील सवलतच काढून टाकणे व सरळ चूक कळविणे. प्रत्यक्ष दुरुस्तीत दुसरा मार्ग स्वीकारण्यात आला आणि तो अधिक विवेकाचा होय. वापरणाऱ्याने नाव मध्यस्थाकडे सोपविण्यास सांगितले असता आपणच पत्ता शोधणे, हा त्याच्या इच्छेचा निमूट अव्हेर होता. संपादकाने न कळणारा शब्द गाळून आपला शब्द घालावा व तसे सांगूही नये, त्यासारखाच हा प्रकार. ‘हे करता येत नाही’ असे स्पष्ट कळविणारी आज्ञावली, काहीतरी करून वेळ मारून नेणाऱ्या आज्ञावलीहून अधिक विश्वासार्ह असते. यापुढची गोष्टही तितकीच मोलाची. दुरुस्तीसोबत ७२८ क्रमांकाची एक नवी कसोटी जोडण्यात आली. उद्या कोणी तो भाग नव्याने लिहिला व जुना दोष परत आणला, तर ही कसोटी त्यास अडवील. तळटीपेतील पाठभेदाचे जे कार्य, तेच या कसोटीचे.

असे असूनही एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. नवी कसोटी लांब नावाचा बंदोबस्त करते. विलंबाचा प्रश्न ती उपस्थित करीत नाही. सवलतच काढून टाकल्यामुळे या विशिष्ट जागी त्याची आवश्यकता उरली नाही, हे खरे. परंतु दोषाचे मूळ, मध्येच थांबलेले कार्य पुन्हा सुरू होताना काय आठवते व काय विसरते, या प्रश्नात होते, आणि असे थांबणे व सुरू होणे लायब्ररीत जागोजागी आहे. याचे उत्तर लायब्ररीच्या कसोटी-संचात अंशतः पूर्वीपासून होतेच. एफटीपीच्या कसोट्यांसाठी असलेल्या सर्व्हरला प्रत्येक बाइट सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने पाठविण्याची आज्ञा देता येते. कोणालातरी रेंगाळणाऱ्या सर्व्हरचे महत्त्व कळले होते. ते एका दालनात राहिले, शेजारच्या दालनात पोहोचले नाही.

या दोषावर एक वेगळा अभिप्रायही व्यक्त झाला आहे. लिबकर्ल ‘सी’ या भाषेत लिहिलेली आहे. स्मृतीची राखण स्वतः करणाऱ्या भाषेत ती लिहिली असती तर हा प्रसंग ओढवला नसता, असा तो अभिप्राय असून खुद्द स्टेनबर्ग यांनीही तो नाकारलेला नाही. तो खराच आहे, परंतु अपुरा आहे. तशा भाषेत स्मृतीचा घात टळला असता. निर्णय विसरण्याची चूक मात्र तशीच राहिली असती आणि वापरणाऱ्याच्या इच्छेचा अव्हेरही तसाच चालू राहिला असता. भाषा दोषाचा परिणाम सौम्य करू शकते. दोष ओळखण्याचे काम कसोटीवाचून होत नाही.

विलंबाच्या कसोट्यांवर कार्यकर्त्यांचा आक्षेप असतो तोही तपासला पाहिजे. अशा कसोट्या वेळखाऊ असतात आणि कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होतात; त्यामुळे खऱ्या अपयशाकडेही दुर्लक्ष करण्याची सवय लागते. आक्षेप रास्त आहे. पण तो घड्याळावर विसंबणाऱ्या कसोट्यांना लागू पडतो. ‘दोन सेकंद थांबा’ असे सांगण्याऐवजी ‘अमुक बाइटानंतर थांबा व पुन्हा विचारले की पुढे चला’ असे सांगितले, तर विलंब निश्चित जागी येतो आणि कसोटीचा निकाल प्रत्येक वेळी तोच लागतो. कसोट्या सुधारणे याचा अर्थ प्रामुख्याने हाच आहे.

या दृष्टीने अनसिंगसारख्या गावाची परिस्थिती हीच कसोटीची सामग्री मानता येईल. फाइल अर्ध्यावर तुटली, तर आज्ञावलीने अपुरी फाइल पूर्ण म्हणून सादर करू नये. लिबकर्ल अशा वेळी १८ क्रमांकाची चूक कळविते. ती प्रत्येक संकेतात कळविली जाते काय, हे पाहिले पाहिजे. तुटलेले काम पुढे चालू करताना मधल्या काळात मूळ फाइल बदलली असल्यास, अर्धी जुनी व अर्धी नवी अशी जोडफाइल तयार होऊ नये. फाइलीचे नाव देवनागरीत असल्यास त्याची लांबी अक्षरांवरून मोजू नये. ‘अनसिंग’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबाने सहा चिन्हांचा. परंतु ‘यूटीएफ-८’ या रूढ लेखनपद्धतीत तो १८ बाइट व्यापतो आणि पत्त्यात घालण्यासाठी टक्केचिन्हांनी लिहिल्यास ५४ चिन्हांचा होतो. रोमन नावांवरच चाचणी घेणाऱ्यास तिन्ही संख्या सारख्या दिसतात व चूक दिसत नाही.

मुक्त संहितेचा लौकिक असा, की अनेक डोळ्यांपुढे दोष लपत नाही. साडेतीन वर्षे लपलेल्या या दोषाने त्या विधानास मर्यादा घातली आहे. डोळे पुष्कळ होते. ते सर्व जेथे उत्तर लगेच मिळते तेथून पाहत होते. दूरच्या गावातील वापरणाऱ्याने संहिता वाचावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण त्याच्या वाट्याला येणारा विलंब, तुटलेला संबंध व त्याच्या लिपीतील नाव ही कसोट्यांच्या संचात आणता येतात, आणि ती आणण्यास मुक्त लायब्ररीत कोणाची परवानगी लागत नाही. दुरुस्ती झालेल्या दोषाची वही जेथे कसोट्यांच्या रूपाने वाढत जाते, तेथेच संहिता शुद्ध झाली असे म्हणता येईल. आणि त्या वहीत अनसिंगच्या अनुभवास जागा मिळाली, तर वाशीमच्या त्या विद्यार्थ्याचा दाखला पुरता पोहोचला की नाही, हे त्यास खात्रीने कळू शकेल.