थरथरत्या फळीचा व्यायाम

पिंपळनेरच्या एका शिक्षकमित्राने एका कंपनयंत्राचे जाहिरातपत्रक पाठवले आहे. यंत्राच्या फळीवर रोज दहा मिनिटे नुसते उभे राहिले की तासाभराचा व्यायाम होतो, हाडे बळकट होतात आणि हे तंत्र रशियन अंतराळवीरांसाठी शोधले गेले, असे त्यात म्हटले आहे. निवृत्तीच्या पैशातून पत्नीच्या ठिसूळ हाडांसाठी ते घ्यावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम उगम पाहू. कंपनोपचार अंतराळयुगाच्या बरेच आधीचे आहेत. लांबच्या गाडीप्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरे वाटते, हे पाहून पॅरिसच्या शार्को यांनी थरथरणारी खुर्ची करवून घेतली व १८९२ मध्ये तिची माहिती दिली. २०१२ मध्ये ही कल्पना पुन्हा तपासली, तेव्हा कंपन मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली! खेळाडूंसाठी कंपनाचा वापर सोव्हिएत संशोधक नाझारोव्ह यांनी १९८० च्या दशकात केला.

कल्पना निराधार मात्र नाही. स्नायूला कंपन दिले की तो प्रतिक्षिप्त क्रियेने आकुंचन पावतो, हे एकलुंड व हागबार्थ यांनी १९६६ मध्ये दाखवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंढ्यांचे मागचे पाय वर्षभर, रोज २० मिनिटे, ३० हर्ट्झच्या अगदी सौम्य कंपनावर ठेवले. मांडीच्या हाडाच्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्के वाढली. पण २०११ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रियांवर असाच वर्षभराचा प्रयोग झाला, तेव्हा अस्थिघनतेत फरक पडला नाही. मेंढी म्हणजे माणूस नव्हे.

आता गणित करू. कमाल त्वरण = ४π² × (वारंवारता)² × आयाम. पत्रकात वारंवारता ३० हर्ट्झ व आयाम २ मिमी दिला आहे. म्हणजे त्वरण सुमारे ७१ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या सातपट. मेंढ्यांना मिळाले होते ०.३ पट. सुमारे चोवीसपट तीव्र यंत्र त्या प्रयोगाचा दाखला देऊन विकणे ही दिशाभूल आहे. शिवाय दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्याची कंबर का दुखते, हे साक्री तालुक्यात कोणाला सांगावे लागणार नाही. तिथली वारंवारता कमी असते, तरी कंपन हे आपोआप औषध ठरत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

फायदा मुळीच नाही काय? एरवी व्यायाम न करणाऱ्या काही वृद्धांच्या पायांची ताकद अशा कंपनाने थोडी वाढलेली आढळली आहे. मात्र तुलना काहीच न करणाऱ्यांशी आहे की नेहमीचा व्यायाम करणाऱ्यांशी, हे आधी विचारावे. जाहिरात नेमके तेवढेच सांगत नाही.

मित्राला मी कळवले आहे : यंत्र घेऊ नका. वहिनींची हाडे डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यांनी संमती दिल्यास दोघांनी पांझरेच्या काठाने रोज चालावे, हात न टेकता खुर्चीतून दहादा उठावे. आणि वर्गात हे पत्रक जरूर वाचून दाखवा. वारंवारता दुप्पट केली तर त्वरण किती होईल, हे मुलांनाच काढू द्या.