कारखान्यातून निघाली तशी

रंगाचा ओघळ दिसला की आपण तो पुसतो. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या रिस्टोरेशनमध्ये तो मुद्दाम पाडला जातो. १९७० ची एखादी डॉज चॅलेंजर पूर्ण खोलायची, पत्र्याचा सगळा गंज काढायचा, तिला नव्यासारखी करायची आणि मग खाली शिरून प्रायमरवर बॉडीच्या रंगाचा अर्धवट, ओबडधोबड फवारा मारायचा. कारण कारखान्यात तो तसाच उडालेला असायचा. मेणखडूने दोन आकडे खरडायचे, बोल्टवर तपासणीचे ठिपके द्यायचे. गेले वर्षभर मी यूट्यूबवर हे बघतोय, आणि यात जितकी निष्ठा आहे तितकंच काहीतरी लपवलेलंही आहे, असं माझं मत झालंय.

आधी मसल कार म्हणजे काय ते सांगतो. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधली डॉमची काळी चार्जर आठवा. मध्यम आकाराची, तरुणांना परवडेल अशी गाडी आणि तिच्यात भलंमोठं व्ही-८ इंजिन, एवढीच व्याख्या. सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. विम्याचे वाढते हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी दहाएक वर्षांत हे प्रकरण आटोपलं. उरल्या त्या गाड्या आज संग्राहकांच्या हातात आहेत.

त्या जगाचा देव म्हणजे ‘फॅक्टरी करेक्ट’. इंजिनाच्या ब्लॉकवरचा आकडा गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. ओतीव भागांवरच्या तारखा गाडी बनल्याच्या तारखेच्या थोड्या आधीच्या हव्यात. त्या काळी क्रायस्लर इनॅमल रंग वापरायची, जनरल मोटर्स लॅकर. त्यावर आजचा काचेसारखा क्लिअरकोट चढवला की जाणकार नाक मुरडतात. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात ‘किती सुंदर’ हा प्रश्नच नसतो. ‘त्या वर्षी कारखान्यातून साधारण जशी निघायची तशी आहे का’ एवढंच बघतात. गाडी फार चांगली झाली तरी गुण कापले जातात!

माझ्यातल्या इंजिनिअरला हे मनापासून आवडतं. जुन्या व्हिडिओ गेम्सचे एम्युलेटर लिहिणारे लोक मूळ चिपमधल्या चुकाही जशाच्या तशा उतरवतात, कारण जुने गेम त्या चुका गृहीत धरून लिहिलेले असतात. ‘मी सुधारून देतो’ असं म्हणण्याचा मोह टाळणं ही मोठी शिस्त आहे. पोथीची नक्कल करणाऱ्याने स्वतःच्या ओळी घुसडायच्या नाहीत, तशीच ही.

पण एम्युलेटर लिहिणारा आणखी एक गोष्ट करतो. चूक का होती, ते शोधतो आणि लिहून ठेवतो. इथे ओघळाची जागा माहीत असते, लांबी माहीत असते. तो कुणाच्या हातून पडला आणि तो हात एवढ्या घाईत का होता, हा रकाना गुणपत्रिकेत नसतो.

उत्तराचा एक भाग तरी इतिहासात आहे. १९७० च्या बहुतेक चॅलेंजर डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकमध्ये बनल्या, ‘डॉज मेन’ या अवाढव्य कारखान्यात. तिथे २ मे १९६८ रोजी कामगारांनी युनियनला न विचारता काम बंद पाडलं. कारण होतं लाइनचा वाढवलेला वेग. बंदमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही होते, शिक्षेचा भार मात्र मुख्यतः कृष्णवर्णीयांवर पडला. जनरल बेकर यांची (जनरल हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे) नोकरी गेली. त्यातूनच ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’ म्हणजे ‘ड्रम’ उभी राहिली. कंपनी आणि युनियन, दोघींशीही तिचं भांडण होतं. पुढच्याच वर्षी याच कारखान्यातून पहिल्या चॅलेंजर बाहेर पडू लागल्या.

अमुक ओघळ वेगामुळेच पडला, असा माझा दावा नाही. पण ज्या कारखान्यात वेगावरून काम बंद पडलं, तिथल्या घाईच्या खुणा आज ‘अस्सलपणा’ म्हणून विकल्या जात असतील, तर ती घाई कुणी लादली होती हे विचारायला हवं. ब्रॉडकास्ट शीटचंच बघा. या गाडीला कोणता पार्ट बसवायचा, हे लाइनवरच्या माणसाला सांगणारा तो कागद. काम झालं की तो कुठेतरी सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहायचा. आज सापडला तर मालकासाठी तो खजिना, गाडीच्या अस्सलपणाचा दाखला. कामगारासाठीचा हुकूम मालकाची सनद झाला आणि मधला माणूस गळला.

गळतो तो एकटाच नाही. पन्नास वर्षांत गाडी चालवणारे, ठोकणारे, कर्ज फेडण्यासाठी विकणारे, सगळेच सँडब्लास्टिंगमध्ये उडतात. यालाही पर्याय आहे. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलावाला आली, ती विटलेल्या रंगासकट आणि गंजासकट. मधली काही वर्षं एका कुटुंबाने ती रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली होती. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर, फी धरून ३७.४ लाख. किंमत अर्थातच मॅक्वीनची आहे. पण ती गाडी चकाचक करण्याची हिंमत कुणी केली नाही, कारण तिच्यावर साठलेलं आयुष्य सगळ्यांना माहीत होतं. निनावी गाडीवरचं आयुष्य मात्र ‘नुकसान’ ठरतं.

मग ‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणजे नेमकी कधीची? कामगाराचा हात सुटलाय आणि गिऱ्हाईकाचा अजून लागायचाय, तेव्हाची. गाडीच्या आयुष्यातली ही एकच वेळ अशी आहे की तेव्हा ती कुणाचीच नव्हती. नुसता माल होती. एवढं कसब, एवढा पैसा आणि एवढं प्रेम त्या निर्मनुष्य क्षणावर ओतलं जातं, हीच माझी तक्रार आहे.

हा छंद बंद करा असं मी म्हणत नाही. ओघळ जरूर पाडा. फक्त प्रदर्शनात गाडीपुढे जो फलक लागतो, त्यावर इंजिनाचा क्रमांक आणि रंगाचा कोड यांच्याखाली कारखान्याबद्दलही दोन ओळी लिहा. डॉज मेन १९८० मध्ये बंद पडला, नंतर पाडला गेला आणि त्या जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या फॅक्टरीशी ‘करेक्ट’ राहायची एवढी धडपड, ती आता फक्त त्या गाड्यांच्या पोटाखाली शिल्लक आहे, मेणखडूच्या दोन आकड्यांत. आणि ते आकडेही आता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहेत.