सायकलस्वारांची लक्षणे : विनोदी कवितेत हसणारा कोण आणि हसे कोणाचे?

सारांश : माणसांचे प्रकार पाडून त्यांची गंमत करणारी पद्यरचना मराठीत जुनी आहे. सायकलस्वारांचे प्रकार सांगणारी विनोदी कविता ही तिचीच अलीकडची शाखा होय. प्रस्तुत लेखात या रचनाप्रकाराचा विचार मराठीतील लक्षणपरंपरा, विडंबनपरंपरा आणि बॅन्जो पॅटर्सन यांची १८९६ मधील एक ऑस्ट्रेलियन कविता यांच्या आधारे केला आहे. कवितेतील हशा कोणत्या दिशेने वाहतो, या कसोटीवर अशा रचनांचे मूल्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विनोदी कविता, लक्षणपरंपरा, विडंबन, वात्रटिका, सायकल.

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात किंवा हास्यकविसंमेलनात एखादा विषय घेऊन त्याचे 'प्रकार' सांगणारी कविता हमखास दाद मिळविते. नवऱ्यांचे प्रकार, पाहुण्यांचे प्रकार, प्राध्यापकांचे प्रकार, तसेच सायकलस्वारांचे प्रकार. एका कडव्यात एक माणूस, त्याची एखादी लकब आणि शेवटी टाळीची ओळ, असा हा साचा आहे. साचा सोपा असल्यामुळे समीक्षेने त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. तथापि श्रोत्यांच्या हातून सहज टाळी घेणारी रचना कोणाच्या बळावर ती टाळी घेते, हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो विशेषतः ग्रामीण भागातील महाविद्यालयांत अधिक टोकदार होतो.

कल्याण–कसारा लोहमार्गावरील वाशिंद हे शहापूर तालुक्यातील गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. भातसा नदीच्या काठचे हे गाव मुंबईच्या लोकलने महानगराशी आणि मुंबई–नाशिक महामार्गाने कसारा घाटाशी जोडलेले आहे. येथे सायकलस्वारांचे दोन वर्ग एकाच रस्त्यावर भेटतात. एक वर्ग आसपासच्या पाड्यांतून आणि गावांतून शाळेस, कामावर किंवा लोकल पकडण्यासाठी स्थानकावर येणाऱ्यांचा. दुसरा वर्ग सुटीच्या पहाटे शहरातून निघून डोक्यावर हेल्मेट, अंगावर घट्ट कपडे आणि हाताखाली गिअरची सायकल घेऊन घाटाच्या दिशेने जाणाऱ्यांचा. एकाला सायकल परवडते म्हणून तो सायकलवर असतो. दुसऱ्याला मोटार परवडत असूनही तो सायकलवर असतो. विनोदी कवीला याहून चांगला विषय मिळणे कठीण. पण दोघांपैकी कोणाकडे पाहून हसावयाचे, याचा निर्णय कवीला घ्यावाच लागतो.

लक्षणे सांगण्याची परंपरा

प्रकार सांगणारी रचना मराठीत बाहेरून आलेली नाही. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. ओवीमागून ओवी मूर्खाचा एकेक नमुना पुढे येतो आणि ओवीच्या अखेरीस तोच निवाडा पुन्हा ऐकू येतो. ही पुनरुक्ती हास्याची निर्मिती करते, कारण श्रोता निवाड्याची वाट पाहू लागतो. आजच्या 'प्रकार' कवितेतील टाळीच्या ओळीचे हे मूळ रूप मानावयास हरकत नाही.

तथापि समर्थांच्या रचनेत दोन गोष्टी अशा आहेत की ज्या आजच्या अनुकरणांत बहुधा गळून पडतात. पहिली अशी की, ही लक्षणे त्याग करण्यासाठी सांगितली आहेत, असे ते स्वतःच स्पष्ट करतात. श्रोत्याने दुसऱ्याकडे बोट दाखवावे हा हेतू नसून, स्वतःस त्या यादीत शोधावे हा हेतू आहे. दुसरी अशी की, त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाची लक्षणे सांगतो. अडाण्याच्या मूर्खपणापासून निघालेली यादी विद्वानाच्या मूर्खपणाशी येऊन थांबते. जो श्रोता पहिल्या समासात सुरक्षित राहून हसला, त्याला दहाव्या समासात पळवाट उरत नाही. वर्गीकरण करणाराही वर्गीकरणातून सुटत नाही, हे लक्षणपरंपरेचे मर्म आहे.

एकनाथांच्या भारुडांतही जोशी, वासुदेव, गारुडी अशी नाना सोंगे येतात. परंतु तेथे कवी त्या माणसाचे वर्णन बाहेरून करीत नाही. तो त्याच्या वेशात शिरून त्याच्याच तोंडाने बोलतो. सोंग घेणाऱ्याला ज्याचे सोंग घ्यावयाचे त्याच्या बोलीचा, व्यवसायाचा आणि अडचणींचा अभ्यास असावा लागतो. म्हणूनच भारुडातील हास्य उपहासाच्या पातळीवर घसरत नाही.

विडंबन आणि वात्रटिका

आधुनिक काळात आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाने विनोदी कवितेस प्रतिष्ठा मिळवून दिली. या संग्रहातील विडंबने एका अर्थी कवींच्या प्रकारांचीच यादी आहेत. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेतील आत्मगौरवाचा सूर उचलून अत्र्यांनी त्यास हास्यास्पद केले. पण ते स्वतः कवी होते आणि ज्या काव्यसंकेतांची त्यांनी टर उडविली त्या संकेतांत ते मुरलेले होते. हा घरातल्या माणसाने घरच्यांशी केलेला विनोद होता.

मंगेश पाडगावकर यांच्या वात्रटिकांनी या परंपरेस संक्षेप दिला. इंग्रजीतील लिमरिकशी, म्हणजे एडवर्ड लिअर यांनी १८४६ च्या 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' या पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या पाच ओळींच्या रचनेशी, वात्रटिकेचे नाते आहे. लिअर यांच्या रचनेत एखाद्या गावचा एखादा विक्षिप्त माणूस असतो आणि अनेकदा त्याच्याभोवतीचे 'लोक' त्याला नावे ठेवीत असतात. वाचकाची सहानुभूती बहुधा विक्षिप्ताकडे जाते, लोकांकडे नव्हे. थोडक्या ओळींतही हास्याची दिशा उलटविता येते, हे यावरून दिसते.

गद्यात पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर होण्याची तयारी करवून घेणारा जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात पुण्याच्या रस्त्यावरील सायकलीला आणि तिच्या जागी आलेल्या स्कूटरला पुणेरीपणाच्या अभ्यासक्रमात स्थान आहे. पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेले. दिवा नसणे, डबलसीट बसणे, सायकलला बिल्ला नसणे हे त्या काळच्या शहरी विनोदाचे हुकमी विषय होते. येथे सायकलस्वार बहुसंख्य होता; कारकून, विद्यार्थी, प्राध्यापक सारेच त्यात होते. लेखक आणि त्याचा विषय एकाच रस्त्यावर असल्यामुळे हा विनोद खेळीमेळीचा राहिला.

यंत्रावरील माणूस : हास्याची कारणमीमांसा

सायकलस्वार मुळात हास्यास्पद का वाटतो, याचे उत्तर फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांच्या 'हास्य' (१९००) या ग्रंथात सापडते. जिवंत माणसात यांत्रिकता शिरली की हसू येते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सायकलवर बसलेला माणूस हे या सिद्धान्ताचे जणू प्रात्यक्षिकच होय. पाय ठरावीक वर्तुळात फिरतात, तोल क्षणोक्षणी सावरावा लागतो, चेन पडली की सारा रुबाब उतरतो. बर्गसाँ असेही म्हणतात की, हसण्यासाठी अंतःकरण क्षणभर बधिर व्हावे लागते. हा दुसरा मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पडलेल्याला लागले आहे, हे कळले की हसू थांबते. मराठीत न. चिं. केळकर यांनी 'सुभाषित आणि विनोद' (१९०८) आणि पुढे 'हास्यविनोदमीमांसा' (१९३७) या ग्रंथांतून विनोदाची तात्त्विक चर्चा केली. त्या चर्चेची आठवण 'प्रकार' कवितांच्या संदर्भात आज पुन्हा करणे अगत्याचे आहे.

सायकलस्वाराच्या विनोदी कवितेचा उत्तम नमुना म्हणून ऑस्ट्रेलियन कवी बॅन्जो पॅटर्सन यांची 'मुल्गा बिल्स बायसिकल' (१८९६) ही कविता घेता येईल. जॉन केम्प स्टार्ली यांची आधुनिक घडणीची सायकल १८८५ मध्ये आणि डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ मध्ये आल्यानंतर जगभर सायकलीचे वेड पसरले. ईगलहॉक गावचा मुल्गा बिल त्या वेडात आपला इमानी घोडा सोडून देतो, सायकलस्वाराचा पोशाख चढवितो आणि दुकानातून चकचकीत सायकल विकत घेतो. चालविता येते ना, असे दुकानातला नोकर विचारतो. तेव्हा बिल आपल्या स्वारीच्या कौशल्याची लांबलचक बढाई मारतो. पुढे डोंगरउतारावर सायकल त्याच्या ताब्यात राहात नाही आणि तो सायकलसह ओढ्यात कोसळतो. पोहत काठाला आल्यावर तो मुकाट्याने कबूल करतो की आपल्याला घोडाच बरा.

या कवितेचे यश तीन गोष्टींत आहे. सात गणांच्या लांब ओळींची दौड सायकलीच्या घसरणीबरोबर वाढत जाते. आशय आणि लय एकत्र धावतात. दुसरे म्हणजे हसे होते ते बिलच्या दारिद्र्याचे वा ग्रामीणपणाचे नव्हे, तर त्याच्या बढाईचे. आणि तिसरे, शेवटी त्याला शहाणपण सुचते व ते तो स्वतःच बोलून दाखवितो. त्यामुळे तो 'प्रकार' न राहता माणूस होतो. मराठीत असा परिणाम साधण्यास वृत्तांची उणीव नाही. 'मनाच्या श्लोकां'मुळे घरोघरी पोचलेले भुजंगप्रयात, त्याच्या एका लघूमागून दोन गुरूंच्या समान आवर्तनांमुळे, पायडलाच्या फेऱ्यांशी सहज जुळू शकते; आणि त्या वृत्ताशी जोडलेले गांभीर्य विनोदास आयतीच विसंगती पुरविते. प्रत्यक्षात मात्र अनेक 'प्रकार' कविता यमकापलीकडे लयीचा विचार करीत नाहीत.

हशाची दिशा

सायकलस्वारावरील हसणे नेहमीच निरागस नव्हते. मे १८९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या देण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले, तेव्हा विरोधक विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीची प्रतिकृती रस्त्यावर उंच टांगली. प्रस्ताव फेटाळला गेला आणि तेथील स्त्रियांना पूर्ण पदवीसाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. सायकलवरील बाईची ती थट्टा वस्तुतः शिकू पाहणाऱ्या बाईची थट्टा होती. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल शिकल्या, तेव्हा त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींना सायकलसाठी साहाय्य मिळू लागले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. गावापासून शाळेपर्यंतचे अंतर हे मुलीचे शिक्षण सुटण्याचे एक कारण असते, हे शहापूर–मुरबाडसारख्या विखुरलेल्या पाड्यांच्या भागात शिकविणाऱ्या अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

अशा मुलीचा 'दप्तर कॅरियरला, मैत्रीण डबलसीट' असा एक प्रकार करून टाळी घेणारे कडवे आणि दुधाच्या किटल्या लटकावून तोल सावरणाऱ्या दूधवाल्याला विदूषक करणारे कडवे, ही दोन्ही एकाच दोषाने ग्रस्त ठरतात. त्यांत यंत्राची विसंगती नाही, गरजेची थट्टा आहे. दांडीखालून पाय घालून मोठ्यांची सायकल शिकणाऱ्या मुलाचे वाकडे अंग पाहून हसू येते हे खरे. पण त्याला त्याच्या मापाची सायकल मिळालेली नाही, हे ज्या कवीला दिसते त्याच्या ओळीत हसू आणि कणव एकत्र येतात. ज्याला ते दिसत नाही त्याची ओळ केवळ व्यंगचित्र राहते.

उलट बाजूने शहरी हौशी सायकलस्वाराची सरसकट टिंगल करणे हाही सोपा मार्ग होय. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अतिदीर्घ अंतराची शर्यत पूर्ण केली. असा व्यासंग हास्यास्पद नाही. हास्यास्पद आहे तो व्यासंगाचा आव. घाट चढण्यापेक्षा घाट चढल्याचे छायाचित्र ज्याला प्रिय, तो मुल्गा बिलचा खरा वंशज. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकलदिनीच, ॲटलस कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील उत्पादन थांबले. साधी काळी सायकल बनविणारी गिरणी बंद पडते आणि महागड्या सायकलींची हौस वाढते, ही विसंगती एखाद्या समर्थ विनोदी कवीची वाट पाहात आहे.

निष्कर्ष

१. सायकलस्वारांचे प्रकार सांगणारी विनोदी कविता ही मराठी लक्षणपरंपरेतील रचना असून तिचे मूल्यमापन त्या परंपरेच्या निकषांवर व्हावयास हवे.

२. उत्तम विनोदी कविता आव, बढाई आणि यांत्रिकपणा यांना हसते. गरज, दारिद्र्य आणि शिकण्याची धडपड यांना हसत नाही.

३. लय ही विनोदाची सजावट नसून साधन आहे. केवळ यमकावर उभी असलेली रचना दुसऱ्या वाचनात टिकत नाही.

४. वर्गीकरण करणाऱ्याने स्वतःस वर्गीकरणातून वगळले की विनोदाचा उपहास होतो.

शेवटचा निष्कर्ष अध्यापकवर्गास अधिक लागू आहे. स्नेहसंमेलनात 'प्रकार' कविता निवडण्याचे आणि वार्षिक अंकात तीस स्थान देण्याचे काम अध्यापकांकडेच असते. सायकलवरून येणारा विद्यार्थी सभागृहात मागे बसून ती कविता ऐकतो. त्याला हसू आवरत नाही, की मान खाली घालावी लागते, यावरून ती कविता कोणत्या प्रतीची आहे हे ठरविता येईल. समर्थांनी यादीच्या अखेरीस पढतमूर्खासाठी एक समास राखून ठेवला, तो उगाच नव्हे.