चौकोनी कंसातलं आणि कंसाबाहेरचं : वायरशार्कची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर पुस्तक येतं, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज मी समीक्षेसाठी एक संगणक-प्रोग्राम घेतलाय. त्याचं नाव वायरशार्क. समोर आयटीतली तरुण मंडळी दिसताहेत, त्यांच्या हे रोजच्या वापरातलं असेल. बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो.

तुम्ही मोबाइलवर तिकीट काढता. बटण दाबलं की तुमचा फोन, म्हणजे क्लायंट, दूरच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. हा निरोप एकसंध जात नाही, त्याचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. टीसीपी नावाच्या पद्धतीत क्रमांकही असतो, आणि समोरून पोच येते. पोच आली नाही तर पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. ही सगळी देवघेव टिपून ठेवायची आणि माणसाला वाचता येईल अशी मांडून दाखवायची, हे वायरशार्कचं काम. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं, तिकीट काही निघत नाही, तेव्हा दोष फोनचा, वाटेचा की सर्व्हरचा, हे शोधायला इंजिनिअर तो उघडतात.

याचा पूर्वज टीसीपीडम्प, 1988 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1998 मध्ये, जेराल्ड कोम्ब्स यांनी इथरिअल नावाचा प्रोग्राम खुला केला. 2006 मध्ये त्यांनी नोकरी बदलली, पण नावाचा हक्क त्यांच्याकडे नव्हता, म्हणून बारसं पुन्हा झालं आणि इथरिअलचा वायरशार्क झाला. आजही तो फुकट मिळतो आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो.

या क्षेत्रात एक वाक्य सुभाषितासारखं फिरतं : पॅकेट कधी खोटं बोलत नाही. माझा मुख्य आक्षेप या वाक्यावर आहे. वायरशार्क एका बाजूने हे वाक्य खोडतो आणि दुसऱ्या बाजूने त्याला खतपाणी घालतो. दोन्ही बाजू बघू.

आधी गुण. तुम्ही एखादं पॅकेट उघडलंत तर त्याच्या तपशिलात काही ओळी चौकोनी कंसात दिसतात. बरेच जण त्याकडे लक्षही देत नाहीत. त्या कंसाचा अर्थ असा, की ही माहिती पॅकेटमध्ये नव्हती, ती वायरशार्कने स्वतः काढली. हे पॅकेट पुन्हा पाठवलेलं आहे, ही पोच अमुक पॅकेटची आहे, मधे इतका वेळ गेला, हे सगळं कंसात. पत्ता, क्रमांक, मजकूर हे कंसाबाहेर. आपल्या परिभाषेत सांगायचं तर कंसाबाहेर प्रत्यक्ष आणि कंसात अनुमान. मित्रहो, मी आयुष्यभर ग्रंथ वाचले. स्वतःचं अनुमान इतक्या सरळपणे वेगळं काढून दाखवणारे लेखक मला फार थोडे भेटले. वर्तमानपत्रांनी ही पद्धत उचलली तर काय बहार येईल!

आता दोष. हाच प्रोग्राम रंगांच्या बाबतीत मात्र हा संयम सोडतो. पुन्हा पाठवलेलं पॅकेट, दुबार आलेली पोच, हे दिसलं की ती ओळ काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत येते. आणि त्या रंगाच्या नियमाचं नाव काय? ‘बॅड टीसीपी’. वाईट! अहो, हरवलेलं पुन्हा पाठवणं हा तर टीसीपीचा धर्म आहे. पोस्टमनने पत्त्यावर कुणी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारली, तर आपण त्याला वाईट पोस्टमन म्हणतो का? कंसात जे नम्रपणे अनुमान होतं, ते रंगात आलं की निवाडा होतं. आणि घाईत असलेला माणूस कंस वाचत नाही, रंग बघतो. चार लाल ओळी बघून ‘नेटवर्क खराब आहे’ असा शेरा मारला जातो आणि कुणाच्या तरी रात्रपाळीवर ठपका बसतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. साक्षीदार कुठे उभा होता? एक गंमत बघा. पॅकेट वाटेत बिघडलं का हे कळावं म्हणून त्यावर चेकसम नावाचा पडताळणीचा आकडा असतो. बऱ्याच संगणकांत हा आकडा अगदी शेवटी, नेटवर्क कार्डात भरला जातो. वायरशार्क त्याआधी, संगणकाच्या आतच, पॅकेटची प्रत घेतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा आकडा त्याला चुकीचा दिसू शकतो. वायरवर मात्र पॅकेट ठणठणीत जातं. यातून इतके गैरसमज झाले, की टीसीपीच्या बाबतीत ही तपासणी आता मुळात बंदच ठेवलेली असते. तसंच, इथरनेटवर एका खेपेला साधारण 1500 बाइट मजकूर जातो, पण कॅप्चरमध्ये याच्या कितीतरी पट मोठं पॅकेट दिसतं. का? तर त्याचे तुकडेही पुढे कार्डातच होतात. म्हणजे जे आपण पाहिलं, ते त्या रूपात वायरवर कधी गेलंच नव्हतं.

आता जे दिसलं नाही त्याचं काय? इथे आपले मीमांसक कामाला येतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, पण एक अट त्यांनाही मान्य आहे : योग्यता. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काही सिद्ध होत नाही.

टीसीपीडम्प थांबवला की तो शेवटी तीन आकडे छापतो : किती पॅकेटं टिपली, चाळणीपर्यंत किती आली, आणि किती कर्नलने सोडून दिली, म्हणजे गर्दीमुळे टिपायचीच राहिली. हा तिसरा आकडा म्हणजे साक्षीदाराने ‘मधे माझा डोळा लागला होता’ असं स्वतःहून सांगणं. तो शून्य नसेल तर ‘पॅकेट आलंच नाही’ असं म्हणायचा हक्क आपण गमावतो. आणि रिपोर्ट लिहिताना नेमकी हीच ओळ गाळली जाते.

वायरशार्कचा आणखी एक शेरा मला फार आवडतो. कधी कधी तो म्हणतो, जे पॅकेट मी पाहिलं नाही त्याची पोच आली आहे. ही आपली अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे; मग तो रात्री जेवत असलाच पाहिजे. पोच आली, म्हणजे पॅकेट गेलं होतं, आपणच चुकवलं.

आता ‘पॅकेट खोटं बोलत नाही’ याची खरी परीक्षा. साल 2007, देश अमेरिका. कॉमकास्ट या मोठ्या इंटरनेट कंपनीच्या काही ग्राहकांची बिटटोरेंटवरची देवघेव मधेच तुटत होती. एका टोकाला कॅप्चर घेतलं तर स्पष्ट दिसायचं, की समोरच्याने ‘रीसेट’ पॅकेट पाठवून संबंध तोडला. पत्ता समोरच्याचा, क्रमांक बरोबर. तेवढ्यावर थांबलात तर दोष समोरच्याचा. असोसिएटेड प्रेसने ऑक्टोबरमध्ये दोन टोकांना स्वतःचे संगणक ठेवून बायबलची प्रत पाठवून पाहिली. दोन्ही संगणकांना ‘थांब’ असा निरोप मिळाला, आणि दोन्हींपैकी कुणीच तो पाठवलेला नव्हता! इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनेही तपास केला आणि ही तपासणी वायरशार्कने घरी कशी करायची, याची पुस्तिका नोव्हेंबरमध्ये काढली. कंपनी आधी म्हणाली, आम्ही अडवत नाही. मग म्हणाली, फक्त उशीर लावतो. ऑगस्ट 2008 मध्ये तिथल्या एफसीसी या नियामक आयोगाने कंपनीविरुद्ध आदेश दिला. 2010 मध्ये न्यायालयाने तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे पॅकेट खोटं बोललं. त्याच्यावरचा पत्ताच खोटा होता. खोटं उघडं पडलं ते दोन साक्षी शेजारी ठेवल्यावर. आणि ते ज्यांनी उघडं पाडलं त्यांच्या हातात फुकटचं साधन होतं, ही त्या साधनाची खरी थोरवी.

मग कॅप्चर वाचायचं कसं? समजा, विनंती गेली, पोच 40 मिलिसेकंदांत आली आणि उत्तर 12 सेकंदांनी आलं. वाट मोकळी होती, वेळ पलीकडे गेला, इतकं म्हणता येतं. ‘सर्व्हरच्या प्रोग्रामने विनंती वाचली होती’ असं म्हणता येत नाही, कारण पोच देते ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोग्राम तेव्हा झोपलेलाही असेल. मधे भार वाटून देणारं यंत्र असेल तर पोच त्याचीही असू शकते. पोच म्हणजे पाकीट दारात पोचलं. पत्र वाचलं असं नव्हे.

म्हणून कुणी कॅप्चर दाखवून दोष ठरवू लागला, तर तीन प्रश्न विचारा. टिपणारा कुठे बसला होता? त्याच्या नजरेतून किती सुटलं? आणि दुसऱ्या टोकाचं कॅप्चर कुठे आहे? आज बहुतेक मजकूर कुलूपबंद जातो. 2021 मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या पद्धतीत तर पोचसुद्धा झाकलेली असते. खासगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण त्यामुळे मधे उभं राहून पाहणाऱ्याला कमी दिसतं आणि साक्ष दोन टोकांपाशी सरकते. त्यातलं एक टोक कंपनीचं, दुसरं तुमचं. आपल्या टोकाची नोंद आपण ठेवली नाही, तर वाद झाल्यावर फक्त त्यांचीच वही उघडली जाईल.

वायरशार्क हा उत्तम ग्रंथ आहे. त्यातले कंस वाचत जा, रंगांवर फार भिस्त ठेवू नका. प्रश्न असतील तर जरूर विचारा.