चेहरा टिकला, माणूस टिकायचा आहे

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा, पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचा. ते जेमतेम दहा महिन्यांचे असताना, ७ जुलै १८९६ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. सिनेमा आणि विन्या, म्हणजे लहानगे विनोबा, बरोबरीनेच वाढले, पण गागोद्यातल्या त्या बालपणावर कॅमेरा कधी फिरला नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी लिहून दिल्या की तसं बालपण पडद्यावर उभं राहतं. प्रश्न उरतो तो पुढचा: पहिल्या दृश्यात अंगणात धावणारा मुलगा दहाव्या दृश्यात तोच असतो का? या नव्या कलेचं सगळं घोडं तिथंच अडलेलं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत यंत्राने चेहरा धरून ठेवणं बऱ्यापैकी आत्मसात केलं. माणूस धरून ठेवणं त्याला अजून साधलेलं नाही, आणि या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते आहे.

अडचण मुळातली आहे. ही यंत्रं ठिपक्यांच्या गोंधळातून हळूहळू चित्र निवळत नेतात. एका तुकड्यातल्या फ्रेमा एकमेकींशी ताडून घडतात, त्यामुळे आठ-दहा सेकंदांत चेहरा सहसा ढळत नाही. पुढचा तुकडा मात्र पुन्हा कोऱ्या गोंधळातून सुरू होतो आणि यंत्राला मागचं काही आठवत नाही. ‘आठ वर्षांचा सावळा, किडकिडीत मुलगा’ या वर्णनात बसणारी मुलं असंख्य. यंत्र त्यांतलं कुठलंही उचलतं.

त्यावरचे उपाय झपाट्याने आले. २०२२मध्ये आलेल्या ‘ड्रीमबूथ’ पद्धतीत एकाच व्यक्तीची तीन ते पाच छायाचित्रं देऊन यंत्राला तिची ओळख शिकवता येऊ लागली. ‘लोरा’ या तंत्राने तीच शिकवणी हलकी आणि स्वस्त केली. मार्च २०२४मध्ये मिडजर्नीने पात्राचं संदर्भचित्र जोडण्याची सोय दिली, मार्च २०२५मध्ये रनवेच्या ‘जेन-४’ने तीच गोष्ट व्हिडिओत आणली आणि ऑगस्ट २०२५मध्ये गूगलच्या ‘नॅनो बनाना’ने स्थिरचित्रांत तोच चेहरा टिकवणं अगदी सोपं करून टाकलं. जाणकारांचा शिरस्ता आता ठरून गेला आहे. आधी पात्र समोरून, बाजूने आणि पाठीमागून दाखवणारा तक्ता बनवायचा, त्यावरून प्रत्येक दृश्याची पहिली फ्रेम स्थिरचित्र म्हणून पक्की करायची आणि मगच ती हलवायची.

कलाकृतींकडे पाहिलं तर प्रगती आणि मर्यादा दोन्ही दिसतात. टोरांटोच्या ‘शाय किड्स’ मंडळींनी २०२४मध्ये ‘सोरा’ हे व्हिडिओ बनवणारं यंत्र वापरून ‘एअर हेड’ हा लघुपट केला. नायकाच्या धडावर डोक्याऐवजी पिवळा फुगा. चेहराच नसल्याने ओळख टिकवणं सोपं जाईल, असं वाटावं. तरीही फुग्याचा रंग बदलायचा, नको तिथं त्यावर चेहरा उमटायचा आणि ते हाताने निस्तरावं लागायचं. पडद्यावरच्या एका सेकंदामागे सुमारे तीनशे सेकंदांचं चित्रण तयार करावं लागलं, असा त्यांचाच अंदाज. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५मध्ये जिओहॉटस्टारवर ‘महाभारत: एक धर्मयुद्ध’ ही शंभर भागांची मालिका आली. तिथं चेहरे बऱ्याच अंशी टिकतात, पण भाव गोठलेले राहतात. प्राचीन महालात आजकालचं फर्निचर दिसल्याचं प्रेक्षकांनी लगेच हेरलं. पात्र जपायचं तर त्याच्याभोवतीचं जगही जपावं लागतं, हा धडा त्या मालिकेने दिला.

खरं तर हे कसब आपल्याला नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. पानामागून पान उलटलं तरी राम कुठला आणि रावण कुठला हे कुणाला विचारावं लागत नाही, कारण मुकुट, दाढी, वस्त्र, उभं राहण्याची ढब हे सगळं ठरलेलं असतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१पासून ‘सकाळ’मध्ये रोज वेगळ्या खोडीत सापडला, तरी पहिल्या नजरेत ओळखू आला. आणि फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांच्याही भूमिका केल्या. चेहरा एक, पात्रं दोन, तरी प्रेक्षकांना दोघं वेगवेगळी पटली. पात्राची ओळख चेहऱ्याइतकीच वेषात, चालीत, वागण्यात वसते, याला याहून चांगला पुरावा कुठला द्यायचा?

आजची यंत्रं कमी पडतात ती नेमकी इथंच. मराठी बाई घडवायला घ्या. समोरच्या दृश्यात नऊवारी ठीक दिसते. ती पाठमोरी झाली की कासोटा गायब होतो आणि सहावारी होऊन बसते. डाव्या नाकपुडीतली नथ मधेच उजवीकडे जाते. पागोट्याचा राजस्थानी साफा होतो. कारण साधं आहे. समोरून घेतलेल्या संदर्भचित्रात कासोटा नसतोच, म्हणून यंत्र अंदाज बांधतं, आणि अंदाज बांधताना जे त्याने जास्त पाहिलं तेच पुढे करतं. आपल्या पोशाखाची आणि भांड्याकुंड्यांची चित्रं त्याच्या शिदोरीत थोडी, म्हणून आपलं पात्र लवकर ढळतं.

गागोद्यातलाच एक प्रसंग कसोटीला घेऊ. गणपतीत आजोबा, शंभुराव, घरीच चंदनाची मूर्ती करत आणि मुलं चंदन उगाळून देत, अशी आठवण विनोबांनी सांगितली आहे. दृश्यात आजोबा, दोन-तीन पोरं, सहाण, खोड आणि हळूहळू आकाराला येणारी मूर्ती. यंत्राला एकाच चौकटीत तीन-चार चेहरे सांभाळायचे आहेत, एकाचा दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही. सहाण प्रत्येक तुकड्यात तीच हवी; तिचा पाटा-वरवंटा होता कामा नये. मूर्ती मात्र दर तुकड्यात थोडी पुढे गेलेली हवी. काही गोष्टी तशाच राखायच्या आणि काही ठरल्या क्रमाने बदलायच्या, हे दुहेरी काम आजच्या साधनांना आपणहून जमत नाही. ते दिग्दर्शकालाच फ्रेम-फ्रेम मांडून द्यावं लागतं.

विनोबांचं सगळं आयुष्य घेतलं तर हीच अडचण कितीतरी पटींनी वाढते. १९१६मध्ये घर सोडून काशीला गेलेला विशीतला तरुण, १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलणारे विनोबा, १९५१मध्ये पोचमपल्लीहून भूदानाला निघालेले दाढीवाले पदयात्री आणि पवनारचे वृद्ध. चेहरा प्रत्येक टप्प्यावर वेगळा, माणूस एकच. संदर्भचित्राचं तंत्र इथं साच्यासारखं वागतं. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो गणपती सारखेच निघतात. प्रत्येकाला नजर येते ती आखणी करणाऱ्याच्या कुंचल्याने. व्हिडिओच्या कलेत साचा आला आहे. आखणी करणारे हात अजून थोडे आहेत.

आणि साचा जितका पक्का, तितकी जबाबदारी मोठी. चेहरा ढळत होता तोवर प्रेक्षक सावध होता. हे बनवलेलं आहे, हे त्याला कळत होतं. उद्या गागोद्यातला विन्या तासाभराच्या चित्रपटात क्षणभरही ढळला नाही, तर पाहणाऱ्या मुलांच्या मनात तोच खरा विन्या होऊन बसेल, मग त्याचं चालणं, मान वळवणं सगळं कल्पनेतलं का असेना. म्हणून अशा चित्रपटाच्या आरंभीच, ठळक मराठीत, चेहरे कल्पित आहेत हे सांगायला हवं. समीक्षकांनीही ‘चेहरा टिकला’ एवढ्यावर शाबासकी देणं थांबवावं. कासोटा, सहाण, चाल आणि वयाबरोबर बदलणारी नजर टिकली का, हे विचारावं. आपल्या चित्रकारांनी, वेषभूषाकारांनी आणि पिंगुळीसारख्या परंपरेतल्या कलावंतांनी हे संदर्भतक्ते स्वतः घडवायला घेतले, तर ही कला मराठी माणूस दाखवू शकेल. ते काम यंत्रावर सोडलं, तर पडद्यावर दिसेल तो कुठलाही माणूस असेल, फक्त दर वेळी तोच.