‘येडशी’ आणि ‘येडाई’ : एका व्युत्पत्तीचे परीक्षण

धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथे रामलिंगाचे देवालय असून त्याच्या परिसरात जटायूची समाधी दाखविली जाते. त्याच टापूतील येरमाळ्याच्या येडेश्वरीची, म्हणजे येडाईची, कथाही रामाशीच निगडित आहे. सीतेच्या शोधात हिंडणाऱ्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन आली. रामाने तिला ओळखले व ‘तू वेडी आहेस’ असे म्हटले. त्यावरून ती येडाई झाली, अशी लोकसमजूत आहे. दोन्ही नावांचा आरंभ सारखाच असल्यामुळे ‘येडशी’चे मूळही ‘वेडा’ या शब्दात शोधण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य मानावा?

ध्वनिदृष्ट्या त्यात बाधा नाही. या भागातील बोलीत शब्दारंभीच्या ‘वे’चा ‘ये’ होतो : वेळ-येळ, वेस-येस, वेताळ-येताळ. परंतु मूळच्या ‘ए’चाही तेथे ‘ये’च होतो, ‘येक’ हे रूप तर जुन्या हस्तलिखितांतही आढळते. तेव्हा आजच्या ‘येड’मागे ‘वेड’ असेल, ‘एड’ असेल किंवा मूळचेच ‘येड’ असेल. शिवाय ‘-शी’ या अंत्य अवयवाचा या व्युत्पत्तीने काहीच उलगडा होत नाही. ग्रामनामाचा निर्णय जुन्या लेखांतील रूपांवरूनच व्हावयास हवा. केवळ उच्चारसाम्य त्यास पुरेसे नाही.

तथापि कथा टाकाऊ ठरत नाही. ‘वेडा’ म्हणजे बुद्धिभ्रंश झालेला, एवढाच अर्थ धरला तर रामाचे उद्गार देवीचा अवमान ठरतील. या शब्दाचा विस्तार त्याहून मोठा आहे. ‘वेडावाकडा’ यात सरळपणाचा अभाव आहे, ‘वेडावणे’ यात दुसऱ्याची विकृत नक्कल आहे, ‘वेड लागणे’ यात आत्यंतिक ओढ आहे, तर ‘वेडी माया’ ही हिशेब न करणारी आहे. म्हाइंभटांच्या ‘गोविंदप्रभुचरित्रा’त ऋद्धिपूरचे लोक ज्यांना वेडे म्हणतात, त्यांच्याच वर्तनात अनुयायांना ईश्वर दिसतो. रूढ चाकोरी सुटणे, हा या सर्व अर्थांना जोडणारा धागा होय. कथेतील पार्वतीही स्वतःचे रूप सोडून दुसरे धारण करते. तिचे ‘वेडेपण’ ते हेच. म्हणूनच त्या शब्दापुढे ‘आई’ निःसंकोच जोडली गेली.

सारांश, या कथेने येडशीचे, किंबहुना येडाईचेही, नाममूळ सिद्ध होत नाही. ते नाव भक्तिभावाने उच्चारणाऱ्यांनी ‘वेडा’ या शब्दाचा कोणता अर्थ जतन केला, याची साक्ष मात्र ती निश्चितपणे देते.